काजळी

महेश्वरहून इंदूरला परतताना जाम घाटाच्या दुसऱ्या वळणावर मी गिअर बदलला, पाय दाबला आणि आरशातला रस्ता नाहीसा झाला. पाऊस थांबला होता, धुकंही नव्हतं. तो आमच्याच गाडीचा धूर होता, काळाकुट्ट, रस्त्याला लागून पसरत जाणारा. त्यातून एक स्कूटर बाहेर आली. चालवणाऱ्या मुलानं डोळे बारीक केले होते. मागे बसलेल्या मुलीनं एका हातानं ओढणी नाकातोंडावर घट्ट धरली होती आणि दुसऱ्या हातानं मांडीवरच्या दोन-अडीच वर्षांच्या पोराचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं. पुढे निघून जाताना ती माझ्याकडे बघत गेली. बोलली काहीच नाही.

आई शेजारी बसली होती. श्रावणातला सोमवार, नर्मदेचं दर्शन झालेलं, मांडीवर प्रसादाचा डबा. ती मागे वळून बघत म्हणाली, "अगं, हे आपलंच का?"

वर जाम गेटला थांबलो. अहिल्याबाईंच्या काळातला तो दगडी दरवाजा, खाली निमाडचा हिरवा पसारा, कडेला कणसं भाजणारे. दर वेळी आम्ही तिथे कणीस खातो. त्या दिवशी मी गाडी निवू दिली आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवलं. बोट काळं झालं. काळं, पण कोरडं, पिठासारखं मऊ. आईनं माझं बोट आपल्या हातात घेतलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं.

"काजळ आहे गं हे," ती म्हणाली. "आमची आई धरायची ना, तेच."

घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. एक त्या मुलीची नजर. दुसरी, गाडीच्या कप्प्यात पडलेलं प्रदूषणाचं प्रमाणपत्र. चारच महिन्यांपूर्वी काढलेलं. गाडी २०१४ ची, डिझेलची, बीएस-४ या धुराच्या नियमांतली, म्हणजे प्रमाणपत्र वर्षभर चालतं. त्याच्यावर धुराचा आकडा छापलेला होता ०.९४. मर्यादा १.६२. कागदावर माझी गाडी उत्तम होती. पण तो कागद कसा मिळाला ते मला चांगलं आठवत होतं. रस्त्याच्या कडेच्या त्या केंद्रावरच्या मुलानं नंबर प्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले, कागद हातात दिला. सायलेन्सरमध्ये नळी घातलीच नाही. मी घाईत होते, मला बरंच वाटलं होतं. त्या कागदातला खोटा भाग त्या मुलाचा होता, आणि तो निमूट घेणारी मी होते.

आम्हा इंदूरच्या माणसांना स्वच्छतेचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिलं आलं. २०२३ साली स्वच्छ हवेच्या सर्वेक्षणातही दहा लाखांवरच्या शहरांत पहिलं आलं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला गावानं 'नो कार डे' पाळला. आमच्या घरात ओला, सुका, सॅनिटरी, सगळा कचरा वेगळा जातो. चॉकलेटचा कागद रस्त्यावर टाकायला हात धजत नाही, घरी येईपर्यंत पर्समध्ये राहतो. आणि तीच मी घाटात एका लेकराच्या तोंडावर पसाभर काजळी टाकून आले होते. धूर उचलायला सकाळी गाडी येत नाही. तो मागच्याच्या छातीत जाऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींच्या यादीत. हे मी पूर्वी वाचलं होतं. पण आरशात पाहिलेलं वेगळं.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या वर्कशॉपला नेली. काचेची भिंत, थंडगार हवा, कॉफी. स्कॅनर लावला, हवेच्या दाबाचा एक कोड निघाला, आणि तासाभरात अंदाजपत्रक हातात आलं: इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो बदलायचा, डिझेल फवारणारे चारही नोजल बदलायचे, ब्याऐंशी हजार रुपये.

"गाडी चालवून पाहिली का कोणी?" मी विचारलं.

"स्कॅनर में आ गया ना मॅडम."

थर्मामीटरमध्ये ताप दिसतो, टायफॉइड दिसत नाही. हवेचा दाब कमी पडतोय एवढंच तो कोड सांगत होता. का कमी पडतोय, ते शोधायला माणूस लागतो. मी गाडी परत घेऊन आले.

नवलख्याच्या बाजूला एका गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आमच्या बाबांच्या काळापासूनचे. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. स्टूल पुढे केलं, चहा सांगितला आणि विचारायला लागले. धुआं कब देती है? सकाळी चालू करताना, उभ्या उभ्या, की चढावर? रंग कसा? पिकअप पडलाय का? डिझेल जास्त पितेय का? इंजिन ऑइल कमी होतं का, पाणी कमी होतं का? दाबल्यावर एखादा आवाज येतो का, पूर्वी न येणारा?

मी आठवून आठवून सांगत गेले. उभी असताना धूर नाही. गावात हळू चालवताना नाही. चढावर, माणसं भरलेली असताना, पाय दाबला की येतो. रंग काळा. पिकअप पडलाय, हो, दोन महिने तरी. एव्हरेजही घसरलाय. ऑइल आणि पाणी जागच्या जागी.

उस्तादांनी बोटं मोडत हिशेब मांडला. निळसर धूर असता तर इंजिन ऑइल जळतंय असं समजलो असतो. रिंगा, व्हॉल्व्हचे सील, किंवा टर्बोचं सील गेलेलं. पांढरा, हटत नाही असा असता, तर पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट बघावी लागली असती, नाही तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. हिवाळ्यात सकाळी दोन मिनिटं दिसते ती वाफ वेगळी, तिला घाबरायचं नाही. पण काळा म्हणजे एकच गोष्ट, ते म्हणाले: "डीज़ल ज्यादा, हवा कम. अब हवा कहां गई, ये ढूंढना है."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. नोजल टपकत असता तर बहुधा उभ्या उभ्याही त्रास दिसला असता, इंजिन ठोके खात चाललं असतं. फक्त जोर लावल्यावरच धूर येतोय, म्हणजे आधी हवेची वाट तपासायची. तीच स्वस्तातली वाट.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. मी नंतर घरी बसून हिशेब केला. एक लिटर डिझेल म्हणजे जवळजवळ आठशे तीस ग्रॅम, त्याला बारा किलो हवा, आणि बारा किलो हवा म्हणजे दहा घनमीटर. आमच्या आईची देवघराची खोली एवढीच आहे. एक लिटर डिझेल म्हणजे आईचं अख्खं देवघर भरून हवा. तीही अगदी कमीत कमी. डिझेलचे थेंब हवेत पेट्रोलसारखे नीट मिसळत नाहीत, म्हणून डिझेलच्या इंजिनाला नेहमी त्याहून बरीच जास्त हवा लागते. ती थोडी जरी कमी पडली, तरी ज्वाळेच्या आत जिथे इंधन दाट असतं तिथे ते जळण्याऐवजी फुटतं, कार्बनचे कण एकमेकांना धरतात, त्यांची माळ होते. तीच काजळी.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यात नवीन काय?" तिचं माहेर देवासचं. तिची आई घरात काजळ धरायची. निरांजनात एरंडेल, कापसाची वात, आणि वर तांब्याची ताटली पालथी, ज्योत तिला टेकेल इतकी खाली. मोकळी जळली तर ज्योत स्वच्छ जळते. तिच्या डोक्यावर ताटली आली की तिची वाट अडते, ती निवते, आणि ताटलीला काळं मखमल चढतं. ते खरवडून तुपात कालवायचं. आणि कंदिलाचं आई सांगते ते तर अगदीच आमच्या गाडीचं. वात वर चढवली की काच काजळते, हे सगळ्यांना ठाऊक. पण कधी कधी वात बेताची असूनही काच काजळायची. तेव्हा आजी बर्नर काढायची, त्याच्या खालच्या जाळीतली बारीक भोकं उजेडाकडे धरून बघायची आणि गोधडीच्या सुईनं एकेक भोक मोकळं करायची. वातीला हात लावायची नाही. मला त्या ब्याऐंशी हजारांच्या कागदाची आठवण झाली. तो सगळा कागद वातीबद्दल होता.

उस्तादांनी मला गाडी चालवायला लावली. स्वतः शेजारी बसले, मागे दोन पोरं बसवली वजनाला. उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबायला सांगितला आणि काच खाली करून कान बाहेर काढला. "सुनो. सुनो." मलाही ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजाखाली एक फुस्स, कुकरची रिंग सैल झाली की झाकणाच्या कडेनं वाफ निसटते तसा. पाय काढला की बंद.

परत येऊन बॉनेट उघडलं. आधी एअर फिल्टर काढला. त्यांनी तो उन्हाकडे धरला. पलीकडचा उजेड दिसेना. त्याच्या घड्यांमध्ये बारीक पिवळी माती दाबून बसली होती, मेट्रोच्या खोदकामातून महिनोन्‌महिने जात होते ती. दोन सर्व्हिसिंग झाल्या होत्या, बिलात 'फिल्टर साफ किया' लिहिलेलं होतं. पण उस्ताद म्हणाले, एवढ्यानं फुस्स होत नाही. मग त्यांनी फडकं घेतलं आणि टर्बोकडून निघून दाबलेली हवा निववणाऱ्या, पुढच्या जाळीसारख्या इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी होजवरून ते फिरवत गेले. एका वाकणाशी, क्लॅम्पच्या लगेच खाली, फडक्याला तेलकट काळा डाग लागला. "जहां से तेल रिसे, समझो वहीं से हवा भागती है." टर्बोच्या हवेबरोबर तेलाची थोडी वाफ जातेच, फट असेल तिथे ती बाहेर येऊन धुळीत चिकटते.

होज नुसता बघितला तर धडधाकट. त्यांनी दोन्ही अंगठे खाली घातले आणि तो हलकेच उलटा वाकवला. रबराच्या आतल्या धाग्यापर्यंत गेलेली दीड इंचाची चीर ओठांसारखी उघडली. सोडला की पुन्हा मिटली, कळूच नये अशी. उभ्या गाडीत ती मिटलेली असते. चढावर टर्बो हवा दाबू लागला की ती उघडते.

त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि खरं सांगायचं तर गाडीची दया आली. फिल्टरच्या पुढे एक सेन्सर असतो, तो आत जाणारी हवा मोजतो. कॉम्प्युटर त्या मोजमापावर विश्वास ठेवून डिझेल सोडतो. मोजलेली हवा वाटेत चिरेतून सांडून जात होती. नोजल बिचारे मागितलं तेवढंच देत होते. टर्बो जीव तोडून हवा दाबत होता. दोघांना भंगारात काढायला निघाले होते.

नवा होज अठ्ठावीसशेचा, फिल्टर साडेचारशेचा, दोन क्लॅम्प, मजुरी सहाशे. त्याच पुलावर पुन्हा गेलो. फुस्स गेलं, पिकअप परत आला, गाडी पाठीत ढकलल्यासारखी उचलली. धूर खूपच कमी. पण अगदी जोरात दाबलं की एक करडा फुटकारा अजून येत होता.

या वेळी मी स्वतःच केंद्र शोधलं, जिथे नळी खरंच घालतात, आणि तिथे उभी राहिले. तपासणीची रीत साधी आहे. इंजिन आधी चांगलं गरम करायचं. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पॅडल एकदम तळापर्यंत दाबायचं, सोडायचं, असं काही वेळा. धूर यंत्राच्या नळीत जातो. तिच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला तो बघणारा डोळा. मध्ये धूर जितका दाट, तितका उजेड अडतो, आणि त्याचा आकडा होतो. मला ते यंत्र आवडलं. आजी बर्नर उजेडाकडे धरायची, उस्तादांनी फिल्टर उन्हाकडे धरला, हेही तेच करतं.

आकडा आला १.४१. पास. माणूस कागद छापायला निघाला तर मी म्हटलं, थांबा, अजून आठ दिवसांनी येते. त्याला ते विचित्र वाटलं. पण नव्या होजसकट ही गाडी जेमतेम पास होतेय, म्हणजे त्या दिवशी घाटात नळी घातली असती तर काय आकडा आला असता? ०.९४ नक्कीच नाही.

उस्ताद म्हणाले, आता ईजीआर बघू. इंजिनातून बाहेर पडलेल्या धुराचा थोडा भाग हा व्हॉल्व्ह पुन्हा आत सोडतो, म्हणजे आतली आग जरा मंदावते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात. दोन महिने काजळी खाऊन तो अर्धवट उघडाच अडकला होता, म्हणून जोराच्या वेळी ताज्या हवेच्या जागी धूरच परत आत जात होता. खोलला तेव्हा दूध करपल्यावर पातेल्याच्या बुडाला धरते तशी खरवड, बोटभर जाड. एक पोरगा म्हणाला, पत्री लगा के बंद कर दो, सब यही करते हैं. बरेच जण करतात हे मला माहीत आहे. पण तसं केलं की काळा धूर कमी दिसतो आणि न दिसणारा विषारी वायू वाढतो. मी नको म्हटलं, आणि उस्तादांनी पोराला ब्रश हातात दिला. अर्धा दिवस गेला घासण्यात.

पेट्रोलच्या गाडीचंही थोडं सांगते, कारण हे ऐकून दोन मैत्रिणींनी विचारलं. बाबांच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चोकची मूठ होती. थंडीत ती ओढायची, म्हणजे हवा कमी, पेट्रोलचं प्रमाण जास्त. मूठ आपोआप आत जायची म्हणून बाबा तिला कपड्यांचा चिमटा लावायचे, आणि तो काढायला विसरले की गल्लीभर काळा धूर. प्लग काढला की कोरडा काळा. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो. आताच्या गाडीत चिमट्याचं काम बिघडलेला सेन्सर करतो. इंजिन तापलं तरी तापमानाचा सेन्सर 'थंड आहे' म्हणत राहतो, किंवा ऑक्सिजनचा सेन्सर आंधळा होतो, किंवा इंजेक्टर टपकतो. पेट्रोलच्या गाडीत काळा धूर दिसला तर अजिबात दिवस काढू नका. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग भाजून निघतो.

आठ दिवसांनी पुन्हा नळी घातली. ०.६८. कागद घेतला आणि जुना त्या माणसासमोरच फाडला.

कार्तिक पौर्णिमेला आई म्हणाली, महेश्वरला जाऊ या. जाताना घाट उताराचा, काही कळत नाही. परतताना त्याच दुसऱ्या वळणावर मी मुद्दाम गाडी हळू केली, गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. मागे एक मोटारसायकल होती, नवरा-बायको, मध्ये शाळेच्या गणवेशातली मुलगी. माझी आरशात बघायची हिंमत होईना. आईनं पट्ट्यातून अंग सोडवत मान पूर्ण मागे वळवली आणि बराच वेळ बघत राहिली.

"दिसतोय गं," ती म्हणाली. "सगळा रस्ता दिसतोय."